अख्खं पेज लोड करावं की तुकडाच बदलावा?

ऐरोलीकर
महापेच्या एका क्लायंटचं डीलर ऑर्डरचं जुनं वेब ॲप सध्या माझ्या गळ्यात आहे. एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टची वेब पेजं बनवायची जुनी पद्धत. 'पेज लुकलुकतं, हळू चालतं' अशी ओरड झाली म्हणून आधीच्या टीमने सगळं अपडेटपॅनेलमध्ये (पेजचा फक्त तेवढाच तुकडा बदलणाऱ्या चौकटीत) कोंबलं. लुकलुकणं थांबलं, ओरड चालूच. असणारच! ड्रॉपडाउनमध्ये जिल्हा बदलला की पूर्ण फॉर्म व्ह्यूस्टेटसकट (पेजची स्थिती साठवणारा लपलेला मजकूर) वर जातो, सर्व्हरवर इनिटपासून प्रीरेंडरपर्यंत (पहिल्या पायरीपासून पेज पाठवायच्या तयारीपर्यंत) पेजचं सगळं चक्र फिरतं, पोस्टबॅक (त्याच पेजचा फॉर्म परत आलेला) आहे का हे कोणी तपासलेलं नसल्याने ग्रिडची (पेजवरच्या तक्त्याची) डेटाबेस क्वेरीही पुन्हा चालते. उत्तरात तेवढा तुकडा येतो, सोबत नवा व्ह्यूस्टेट. त्यात अपडेटमोड डीफॉल्टने 'ऑल्वेज', म्हणजे बदल एका पॅनेलमध्ये आणि परत येतात सगळीच. सर्व्हरचं काम कमी होत नसेल तर असिंक्रोनस अपडेट (पेज न उडवता मागून तुकडा आणणं) ही नुसती रंगरंगोटी. त्यापेक्षा सरळ पेज लोड होऊ द्या.

पाचपाखाडी
अपडेटपॅनेल वापरता येईना आणि म्हणे अंगण वाकडं! ठाणे जिल्हा निवडल्यावर यायचेत किती तालुके? ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड, शहापूर. सात. जेसनमध्ये (डेटा पाठवायच्या साध्या मजकुरात) एक केबीसुद्धा भरत नाहीत. २०१४ ला पालघर वेगळा झाला तेव्हापासून यादी तीच आहे, ब्राउझरच्या कॅशमध्ये ठेवा, दुसऱ्यांदा सर्व्हरकडे जायचं कामच नाही. तुमच्या 'सरळ पेज'मध्ये सीएसएस आणि जावास्क्रिप्ट कॅशमधून आली तरी ती पुन्हा वाचून चालवावीच लागते. वर स्क्रोल केलेली जागा जाते ती वेगळीच. डीलरने निम्म्या ओळी भरल्यावर पेज उडालं तर तो तुम्हाला मिलिसेकंद विचारणार नाही, शिव्या देईल.

दिवा_फास्ट
+१ पाचपाखाडी.

घोडबंदर_रोड
सात तालुके ठीक. पण एकदा चटक लागली की डॅशबोर्डवरचा प्रत्येक डबा स्वतःची रिक्वेस्ट पाठवायला लागतो. एचटीटीपी १.१ वर (ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याची जुनी आवृत्ती) ब्राउझर एका होस्टला साधारण सहाच कनेक्शन उघडतो, बाकीच्या रांगेत. एचटीटीपी २ ने ती रांग मोडली म्हणून खूश होऊ नका, पुढची रांग सर्व्हरच्या दारात आहे. एएसपी डॉट नेटमध्ये सेशनला (सर्व्हरवर त्या युजरपुरती ठेवलेली माहिती) लॉक असतो: एकाच युजरच्या रिक्वेस्टी सेशनमध्ये लिहू शकत असतील तर एकामागून एकच चालतात. ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून बघा, एकामागून एक सुटणाऱ्या रिक्वेस्टींचा जिना दिसेल. प्रत्येक पायरीवर कुकी वेगळी, लॉगिनची तपासणी वेगळी. एका पेजमध्ये हे सगळं एकदाच झालं असतं.

पाचपाखाडी
सेशनमध्ये लिहायचं नसेल तर पेजवर सेशन रीडओन्ली (फक्त वाचण्यापुरतं) करा साहेब, एक ओळ आहे.

घोडबंदर_रोड
ती ओळ लिहिलेली पेजं आजवर किती पाहिलीत, तेही सांगा.

दिवा_फास्ट
तुम्ही सगळे ऑफिसच्या वायफायवर बसून भांडताय. आमचे सेल्सवाले ठाण्याहून सुटल्यावर फास्ट लोकलमध्ये ऑर्डर टाकतात आणि मध्येच रेंज जाते. पूर्ण पेज असेल तर ब्राउझर निदान कनेक्शन नसल्याचं स्वतः सांगतो. असिंक्रोनसमध्ये नुसती चकरी फिरत राहते, कारण एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्टचा (मागून रिक्वेस्ट पाठवायची ब्राउझरची सोय) टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मुदत, मुळात शून्य, म्हणजे नाहीच. रेंज आली की माणूस पुन्हा 'सेव्ह' दाबतो आणि पहिली रिक्वेस्ट पोचलेली असेल तर ऑर्डर दोनदा. मत तरीही पाचपाखाडींनाच. फक्त टाइमआउट लावा आणि बटण दाबल्या दाबल्या बंद करा. शिवाय प्रत्येक ऑर्डरला फोनवरच एक नंबर द्या, म्हणजे दुसरी आली तर सर्व्हर ओळखेल.

ऐरोलीकर
तालुक्यांपुरतं जेसन मान्य. पण मालाच्या नावाचा शोध? प्रत्येक अक्षराला रिक्वेस्ट जाते, आणि आधीच्या अक्षराचं उत्तर कधी कधी नंतर येऊन यादीवर बसतं.

पाचपाखाडी
टायपिंग थांबल्यावर ३०० मिलिसेकंद थांबा, मग पाठवा. जुनी रिक्वेस्ट अबॉर्ट (रद्द) करा.

ऐरोलीकर
अबॉर्ट ब्राउझरमध्ये होतं हो. मुद्दाम सोय केली नसेल तर क्वेरी तिकडे डेटाबेसवर चालूच राहते. आमच्याकडे ती 'लाइक'ने, दोन्ही बाजूंना टक्केवारीचं चिन्ह लावून, म्हणजे नावात कुठेही शोधते, इंडेक्सचा (झटपट शोधायच्या सूचीचा) काही उपयोग नाही. आधी ती सुधारतो, मग पेज की तुकडा ते बघू.