मदत हवी आहे : चिलीतील एल लोआला ‘प्रांत’ म्हणावे की ‘जिल्हा’?

नमस्कार. चिलीच्या आताकामा वाळवंटातील एल लोआवर मराठीत नोंद लिहिताना मी प्रशासकीय शब्दांपाशी अडलो आहे. सुमारे ४२,००० चौरस किलोमीटरच्या या ‘प्रोविन्सिया’त (चिलीतील प्रदेशाखालचा प्रशासकीय विभाग) कालामा, सान पेद्रो दे आताकामा आणि ओयाग्वे असे तीनच ‘कोमुना’ (त्याखालचे, सर्वांत लहान प्रशासकीय विभाग) आहेत. २०१७ च्या जनगणनेतील १,७७,०४८ लोकांपैकी १,६५,७३१ एकट्या कालामात होते, तर बोलिव्हियाच्या सीमेवरच्या ओयाग्वेत अवघे ३२१. कोमुनाचा महापौर निवडून येतो, प्रोविन्सियावर मात्र राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला प्रतिनिधी असतो. ‘प्रांत’ म्हटले की आपल्याला जुना मुंबई प्रांत आठवतो, म्हणून मला ‘जिल्हा’ जवळचा वाटतो. परंतु ३२१ माणसांच्या वस्तीला ‘तालुका’ म्हणायला मन धजत नाही. जाणकारांनी कृपया योग्य प्रतिशब्द सुचवावेत.