अपिलात मुलीला पुन्हा उभं करत नाहीत

बाललैंगिक अत्याचाराच्या खटल्यांबद्दल कुणीतरी लिहिलंय की अपील झालं की खटला पहिल्यापासून चालतो आणि मुलीला पुन्हा सगळं सांगावं लागतं. सहसा तसं होत नाही. हायकोर्ट पुरावा नव्याने तपासतं हे खरं, पण कागदावरचा. सत्र न्यायालयातली साक्ष, उलटतपासणी पेपरबुकमध्ये, म्हणजे खटल्याच्या कागदपत्रांच्या संचात, टाइप होऊन समोर येते. नवा पुरावा घेता येतो, पण अपवादानेच.

धोका वेगळाच आहे. नागपूरचं प्रकरण बघा. बारा वर्षांच्या मुलीला पेरू देतो म्हणून घरात नेलेलं. १९ जानेवारी २०२१च्या निकालात हायकोर्टाने मुलीवर आणि तिच्या आईवर विश्वास ठेवला. तरीही स्पर्श कपड्यावरून होता, त्वचेला त्वचा लागली नाही म्हणून पॉक्सोचं (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) कलम ८, म्हणजे लैंगिक हल्ल्याच्या शिक्षेचं कलम, काढलं, तीन वर्षांची शिक्षा एक वर्षावर आणली. म्हणजे साक्ष टिकली, कलम पडलं! १८ नोव्हेंबर २०२१ला सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं: लैंगिक हेतू महत्त्वाचा, कपडा मध्ये होता की नाही ते नाही. आणि हे अपील करणाऱ्यांत राज्य सरकार आणि राष्ट्रीय महिला आयोगासोबत खुद्द ॲटर्नी जनरल, म्हणजे केंद्र सरकारचे सर्वोच्च कायदा अधिकारी, होते, जे मूळ खटल्यात पक्षकारच नव्हते. कोर्टाने त्यांचा तो अधिकार मान्य केला.