आरसीपी ८.५ ला अजून 'आहे तसंच चाललं तर' म्हणायचं का?

गिगाटन
आरसीपी म्हणजे हवामानशास्त्रज्ञांनी कल्पिलेल्या भविष्यातल्या उत्सर्जनाच्या वाटा; आरसीपी ८.५ म्हणजे २१०० पर्यंत दर चौरस मीटरला ८.५ वॅट जादा उष्णता अडकेल, असं धरलेलं चित्र. 'आहे तसंच चाललं तर' या लेबलाखाली ते अजून फिरतंय. त्यात खनिज इंधन आणि उद्योगांचं उत्सर्जन २०२० ला ११.५, २०३० ला १३.८ गिगाटन (अब्ज टन) कार्बन. मधली वर्षं सरळ रेषेत भरा, कार्बनचं वजन कार्बन डायऑक्साइडमध्ये बदलायला ३.६६४ ने गुणा (हा गुणाकार विसरून भलभलते निष्कर्ष काढणारे पुष्कळ!), की २०२४ साठी साधारण ४५.६ गिगाटन कार्बन डायऑक्साइड येतो. ग्लोबल कार्बन बजेट या जगभरच्या उत्सर्जनाच्या वार्षिक हिशेबाचा अंदाज ३७.४. आरसीपी ४.५ हे मधलं, कमी उत्सर्जनाचं चित्र त्या वर्षी ३८ च्या आसपास. मग आपण कुठल्या रेषेवर?

बेरीजवाला
असहमत. संशोधक श्वाल्म आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये २००५ पासूनच्या उत्सर्जनाची बेरीज मांडली, ती आरसीपी ८.५ शी एका टक्क्याच्या आत जुळली. तापमान ठरतं ते साठलेल्या बेरजेवर, एका वर्षाच्या आकड्यावर नाही.

गिगाटन
त्या बेरजेत जंगलतोड आणि जमीनवापरही आहे, गोम तिथेच. आरसीपी ८.५ ने खनिज उत्सर्जन जास्त धरलं, जमिनीचं कमी. एकाची तूट दुसऱ्याने भरली आणि बेरीज जुळल्यासारखी दिसली. पुढे २०२१ मध्ये कार्बन बजेटने जमीनवापराचे अलीकडचे आकडे खाली आणले, तो आधारही गेला.

पीपीएम
हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावरून निकाल लावू पाहाल तर तेही जमणार नाही. २०२० साठी ४.५ चा आकडा ४११ पीपीएम (दहा लाख भागांत ४११ भाग), ८.५ चा ४१६, मोजलेली जागतिक सरासरी ४१२ च्या थोडी वर. रेषा अजून फाकलेल्याच नाहीत, त्यात एल निनोच्या वर्षी वाढ एकदम उसळते.

बेरीजवाला
खनिज इंधनाचं मान्य. पण ४.५ ची रेषा २०४० च्या सुमाराला माथा गाठून २१०० ला ४.२ गिगाटन कार्बनपर्यंत उतरते. आज तिच्यावर आहोत म्हणून ती उतरण आपोआप मिळत नाही. २०१४ ते २३ मध्ये खनिज उत्सर्जन वर्षाला ०.६ टक्क्यांनी वाढतच होतं. आणि हवामान धरलं त्यापेक्षा जास्त संवेदनशील निघालं, तर कमी उत्सर्जनातही तापमान वर जाईल. किनाऱ्यावरचा बंधारा आखताना मी वरचं टोक सोडणार नाही.

गिगाटन
बंधाऱ्यासाठी जरूर वापरा, पण 'सर्वांत वाईट' म्हणून. त्यात २०५० ला ७४ गिगाटन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आजच्या जवळपास दुप्पट, आणि तेही मुख्यतः कोळशाच्या जोरावर. एवढा कोळसा जाळणार कोण?