मदत हवी आहे: धारावीत वरच्या माळ्यावर राहतो, पुनर्विकासात घर मिळायला पुरावा काय द्यायचा?
घर नव्वद फूट रोडजवळ. वर चढायला लोखंडी शिडी, पाणी हंड्याने खालून. दर निवडणुकीला पुनर्विकासाचं आश्वासन मिळतं. आई तरीही मतदानाला रांगेत पहिली! (मला तेवढी आशा नाही.)

पुनर्विकासाचा नियम असा: २००० आधीच्या तळमजल्यांना धारावीतच मोफत घर, माळेवाल्यांना धारावीबाहेर भाडे-खरेदीवर (भाडं भरत भरत घर आपलं होतं), तेही १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंतचे असाल तर. आमचं लाइट मीटर खालच्या मालकाच्या नावावर, भाडेकरार कधी झालाच नाही. रेशनकार्ड, व्होटर कार्ड मात्र याच पत्त्यावरचं, जुनं. एवढ्यावर भागेल का? मालकाकडून नोटरी करून लिहून घेतलेलं चालतं का? ज्या माळेवाल्यांचं काम झालंय त्यांनी कोणते कागद लावले ते प्लीज सांगा. एजंट पैसे मागतोय, त्याला द्यायचे नाहीत.