एक्स-रेत काही नाही, तरी प्लास्टरचा स्लॅब ठेवायचा?

प्रश्न:
परवा धाकटा भाऊ पळताना पडला, उजवा तळहात टेकून. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना एक्स-रेत स्कॅफॉइडला (मनगटातलं अंगठ्याच्या बाजूचं छोटं हाड) बारीक क्रॅक वाटला. त्यांनी अंगठ्यासकट स्लॅब घातला. संध्याकाळी रेडिओलॉजिस्टचा रिपोर्ट आला: फ्रॅक्चर दिसत नाही. परीक्षा तोंडावर आहे, उजव्या हातानेच लिहितो, त्यामुळे स्लॅब काढायचा हट्ट धरून बसलाय. कोणाचं ऐकायचं?

उत्तर १:
काढू देऊ नका! मी एक्स-रे टेक्निशियन आहे. मनगटात स्कॅफॉइडइतकं फसवं हाड दुसरं नाही. ते तिरकं बसलेलं असतं, म्हणून हात करंगळीकडे वळवून त्याच्या वेगळ्या फिल्म काढाव्या लागतात. त्या काढल्या होत्या का? आणि सगळं नीट काढूनही ताजी भेग पहिल्या दिवशी निसटू शकते. १०-१४ दिवसांत भेगेच्या कडांचं हाड थोडं विरघळतं, मग ती दिसायला लागते. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून मिळतं. मधे तुटलं तर मनगटाकडचा तुकडा उपाशी राहतो. तो जुळत नाही, कधीकधी मरतोही. एवढी जोखीम परीक्षेसाठी घेऊ नये. अंगठ्याच्या बुडाशी जो खळगा पडतो, तिथे डॉक्टरांनी दाबून पाहिलं होतं का?

उत्तर २:
आमच्याकडे उलट झालं होतं. मुलीच्या कोपराला क्रॅक म्हणून सांगितलं, ती हाड वाढायची जागा निघाली. लहान मुलांत तिथे कूर्चा असते, एक्स-रेत ती काळी फट दिसते. हाडांच्या डॉक्टरांनी नेमकं तिथे दाबलं, तर दुखतच नव्हतं.

प्रश्नकर्ती:
हो, खळग्यात दाबल्यावर भाऊ कळवळला होता. पण एक्स-रेच्या चिठ्ठीवर फक्त 'उजवं मनगट' लिहिलंय.

उत्तर १:
म्हणजे खळग्यात दुखतंय हे रिपोर्ट लिहिणाऱ्यांना कळलंच नाही. त्यांच्यासमोर फक्त फिल्म होती, दुखरा हात नव्हता. हाडांच्या डॉक्टरांना फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही दाखवा, आणि पुढच्या चिठ्ठीवर 'स्कॅफॉइडवर दाबल्यास दुखते' असं लिहून घ्या. पुन्हा एक्स-रे काढेपर्यंत १०-१४ दिवस थांबणं जमत नसेल तर एमआरआयचं विचारा, त्यात असली भेग लवकर कळते. बोटं बधिर किंवा निळी पडली तर मात्र लगेच दवाखान्यात न्या. आणि परीक्षेसाठी लेखनिक मिळतो का, ते आजच विचारा.