मदत हवी आहे: आरोग्य शिबिराच्या फॉर्मसाठी बालपणातल्या आघातांचे १० प्रश्न मराठीत, तातडीने

डिचोलीकर७:
येत्या रविवारी आमच्या वाड्यावर आरोग्य शिबिर आहे. लहानपणी सोसलेल्या ताणाचा मोठेपणी हृदय, फुप्फुसं, साखर सगळ्यावर परिणाम होतो, हे आता कोणी नाकारत नाही. म्हणून यंदा बीपी-शुगरच्या फॉर्ममध्येच ते १० प्रश्न घालायचं ठरलंय. मला दोनच गोष्टी हव्यात. एक, प्रश्नांचं नीट मराठी. दोन, किती गुण आले की कुठल्या तपासण्या सांगायच्या, त्याचा तक्ता. फॉर्म शुक्रवारी छापायला जातोय. कृपया "गुगल करा" म्हणू नका, करून झालंय.

सुरंगी:
"ते १० प्रश्न" म्हणजे अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या अभ्यासातले ना? फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांच्या १९९८ च्या पहिल्या निबंधात ७ प्रकार होते: शारीरिक, मानसिक, लैंगिक छळ आणि घरात आईला मारहाण, व्यसन, मानसिक आजार, तुरुंगवास. दोन प्रकारची हेळसांड आणि आईवडिलांचं वेगळं होणं धरून ते पुढे १० झाले, प्रत्येक "हो"ला एक गुण. तुमच्याकडे कुठली यादी आहे? शिवाय वयोगट काय, विचारणार कोण, बसवणार कुठे, आणि कोणी "हो" म्हटलं तर पुढे काय, हेही लिहा. त्याशिवाय नुसतं भाषांतर देण्यात अर्थ नाही.

डिचोलीकर७:
१० वालीच. वयोगट काय, येतील ते सगळे. विचारणार आमचे स्वयंसेवक, देवळाच्या मंडपात. पुढे काय तेच तर विचारतोय, तक्ता द्या.

स्टेथो:
तक्ता नाही, आणि होऊही शकत नाही. कारण सांगतो.

१९९८ च्या निबंधात ४ किंवा जास्त प्रकार सोसलेल्यांची शून्यवाल्यांशी तुलना आहे. हृदयविकाराचं गुणोत्तर (शून्यवाल्यांच्या किती पट शक्यता, ते) २.२, पक्षाघाताचं २.४, फुप्फुसांच्या जुनाट आजाराचं ३.९, मधुमेहाचं १.६. हे आकडे हजारो माणसांच्या गटाचे. समोरच्या एका बाईला पक्षाघात होणार की नाही, हे त्यावरून ठरत नाही. हा गुण एकेका माणसाची चाळणी लावायला वापरू नका, असं खुद्द अँडा यांनीच २०२० मध्ये सहकाऱ्यांबरोबर लिहून ठेवलंय.

आता तुमच्या तक्त्यात मधुमेह घालून बघा. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली आलेल्या पाहणीत आपल्या गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सर्वांत जास्त. म्हणजे बालपण अगदी सुखात गेलेल्यालाही तिशीनंतर साखर तपासायचीच आहे. मग गुण मोजून तपासणीत फरक काय पडणार?

उलटी बाजूही आहे. लहानपणी छळ झाल्याची नोंद त्याच वेळी झालेल्या मुलांना मोठेपणी विचारलं, तर जवळपास निम्मी तो सांगत नाहीत. तेव्हा शून्य गुण आले म्हणून कोणाला "काळजी नको" म्हणून घरी पाठवू नका.

ब्राह्मी:
सगळं मूळ कॉर्टिसोलमध्ये, म्हणजे ताणाच्या संप्रेरकात आहे. शिबिरातच रक्तातलं कॉर्टिसोल तपासा. जास्त निघालं तर अश्वगंधा आणि रोज २० मिनिटं प्राणायाम. प्रश्न विचारायची गरजच नाही.

स्टेथो:
ब्राह्मीबाय, कॉर्टिसोल सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत चढतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. मंडपात ११ वाजता एकदा सुई टोचून निघालेल्या आकड्याचा अर्थ काय लावणार? दुसरं म्हणजे, लहानपणी दीर्घकाळ ताण सोसलेल्या बऱ्याच प्रौढांत कॉर्टिसोल चढलेलं नसतं, उलट त्याचा चढउतारच मंदावलेला असतो. अशा माणसाचा रिपोर्ट नॉर्मल येईल आणि तो म्हणेल, मला काहीच नाही.

प्राणायामाला माझा विरोध नाही. पण बीपीच्या गोळ्या बंद करून प्राणायाम करणारे वाढले तर त्याचं श्रेय या शिबिराला जायला नको.

ब्राह्मी:
गोळ्या बंद करा असं मी कुठे म्हटलं?

कुळागर:
या सगळ्याच्याही आधीची गोष्ट कोणी बोलत नाही. गर्भातलं पोषण! पुण्याला डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला. बाळ वजनाला हलकं, पण अंगात चरबीचं प्रमाण जास्त. आपल्याकडच्या मधुमेहाची मुळं तिथे आहेत. तेव्हा फॉर्ममध्ये जन्माचं वजन विचारा.

सुरंगी:
कुळागरबाब, संशोधन उत्तम आहे, पण तो वेगळा धागा होईल. साठीच्या माणसाला स्वतःचं जन्माचं वजन कुठून माहीत असणार? वाड्यावर जन्मलेल्यांना तेव्हा वजन केलं होतं की नाही तेही ठाऊक नसतं.

वकिली_चष्मा:
"येतील ते सगळे" हे वाचून लिहितोय. १८ च्या खालच्या कोणालाही हे प्रश्न विचारू नका. गोव्यात २००३ चा बाल कायदा आहे, वर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे कोणालाही लागू आहे, नुसतं डॉक्टरांना नव्हे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

मोठ्यांच्या बाबतीतही सुटका नाही. पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला. त्यानंतर जी व्यक्ती १८ च्या आत होती, ती आज प्रौढ असली तरी तिने सांगितलेली गोष्ट या कायद्यात बसू शकते. थोडक्यात, १४ नोव्हेंबर १९९४ नंतर जन्मलेल्या कोणीही लैंगिक छळाच्या प्रश्नाला "हो" म्हटलं तर तुमच्या स्वयंसेवकावर जबाबदारी येऊ शकते. त्याला हे सांगितलंय का? आणि फॉर्मवर नाव असणार का?

डिचोलीकर७:
नाव-मोबाइल असणारच, नाहीतर रिपोर्ट कोणाला द्यायचा? स्वयंसेवक म्हणजे महिला मंडळाच्या बायका, सगळ्या वाड्यावरच्याच, भरवशाच्या. डॉक्टर एकच आहेत, १२ पर्यंत. समुपदेशक नाही. मी साधा फॉर्म मागितला, तुम्ही मला पोलिसांपर्यंत नेलंत.

सुरंगी:
ही माहिती पहिल्याच पोस्टमध्ये हवी होती. आता मंडप डोळ्यांसमोर आणा. प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग, टेबलावर एक पॅड, विचारणारी शेजारच्या घरातली. सुनेचा फॉर्म भरताना सासू मागच्याच खुर्चीत. "लहानपणी घरात कोणी तुम्हाला नको तिथे हात लावला का?" यावर ती सगळ्या रकान्यांत "नाही" लिहवून उठेल. "हो" म्हणालीच तर रात्रीपर्यंत सगळ्या वाड्याला कळेल. बाई भरवशाची आहे हे खरं, पण ती उद्याही शेजारीच राहणार आहे.

आणखी एक. असा प्रश्न विचारून लगेच बीपीचा पट्टा बांधलात तर आकडा चढलेलाच येणार. दोन टेबलं जवळ असतील तर तुमची बीपीची नोंदही बिघडली.

झुआरी:
मला हा घाबरटपणा पटत नाही. न विचारून कोणाचं भलं झालंय? विचारणं आणि ऐकून घेणं हाच उपचाराचा भाग आहे, असं फेलिट्टी सांगत आले. सॅन दिएगोची यादी नको असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची घ्या. १८ वर्षांवरच्यांसाठीच आहे, १३ प्रकार आहेत, वस्तीतली हिंसा आणि बरोबरीच्या मुलांचा छळही त्यात धरलाय. आणि साध्या माणसांना हे जमत नाही म्हणता? "संगत" संस्थेने याच गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतून गावातली माणसं तयार करून नैराश्यावर काम केलं, ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

स्टेथो:
उदाहरण चांगलं दिलंत, फक्त ते उलट्या बाजूचं आहे. त्या समुपदेशकांना प्रशिक्षण होतं, कामावर देखरेख होती, आणि एका रुग्णामागे ६ ते ८ बैठका होत्या. शिवाय ते आजच्या नैराश्यावर काम करत होते, बालपणाचे गुण मोजत नव्हते. फेलिट्टींच्या दवाखान्यातही माणूस घरी बसून फॉर्म भरायचा आणि नंतर बंद खोलीत डॉक्टर त्यावर बोलायचे. इथे मंडप आहे आणि डॉक्टर १२ ला उठणार आहेत.

झुआरी:
म्हणजे तुमचं म्हणणं, सोय नाही म्हणून विषयच काढायचा नाही?

स्टेथो:
विषय काढा, फक्त वैयक्तिक प्रश्न विचारू नका. फॉर्मच्या पाठीवर ८-१० ओळी छापा. लहानपणीची मारहाण, भीती, उपासमार, घरातली दारू यांचा ताण वर्षानुवर्षं चालला तर शरीराची सावधपणाची यंत्रणा सैल पडत नाही. त्यातून रक्तदाब, झोप, रक्तातला दाह यांवर परिणाम होतो. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला जन्मापासून पाहणीत ठेवलेल्या मुलांत, ज्यांचा छळ झाला त्यांच्या रक्तात ३२ व्या वर्षी दाहाची खूण सांगणारं सीआरपी जास्त सापडलं. उरलेला बराचसा परिणाम तंबाखू, दारू आणि उदासीच्या वाटेने येतो, आणि त्यावर कुठल्याही वयात काही करता येतं. हे वाचून ज्याला बोलायचं असेल तो स्वतः बोलेल. खाली टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ मोठ्या अक्षरांत, लहान मुलांसाठी १०९८.

मग समोरच्या बाजूला आजच्या गोष्टी विचारा:

बीपी: आधी ५ मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसवा. त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. १४०/९० किंवा वर असेल तर आरोग्य केंद्रात पुन्हा मोजायला पाठवा, तिथल्या तिथे रोगी ठरवू नका.

कंबर: पुरुष ९० सेंमी, बाई ८० सेंमी. त्यावर गेली तर नोंद.

तंबाखू: ओढण्याची आणि चघळण्याची वेगळी विचारा, मिश्री धरून. नुसतं "सिगारेट?" विचारलं तर बायका नाही म्हणतात.

दारू: ऑडिट या पिण्याच्या सवयीच्या प्रश्नावलीतले पहिले तीन प्रश्न पुरेत. पुरुषात ४, बाईत ३ गुणांपासून डॉक्टरांकडे. इथे घोळ मापाचा होतो. ऑडिटमधलं एक माप म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांची फेणी ३० मिली घेतली की एक माप भरतं, बिअर साधारण २५० मिली, १५ टक्क्यांच्या आसपासचा हुर्राक (काजूची हलकी दारू) ८५ मिली. हंगामात हुर्राक लिंबूसोडा घालून मोठ्या ग्लासातून जातो आणि माणूस सांगतो, "एकच ग्लास". म्हणून ग्लास टेबलावर ठेवा आणि कुठपर्यंत भरता ते बोटाने दाखवायला सांगा.

काजूबी:
शुगर उपाशीपोटी घेणार ना? चहा घेतलेला चालतो का?

स्टेथो:
हा प्रश्न या धाग्यातला नव्हे, पण असो. शिबिरात कोणी उपाशी येत नाही. ग्लुकोमीटरवर कधीही घ्या, शेवटचं खाणं किती वाजता ते लिहा. १४० च्या वर गेली तर आरोग्य केंद्रात एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), त्याला उपाशी राहावं लागत नाही.

डिचोलीकर७:
ठीक आहे, ते १० प्रश्न काढतो. पण मनाचं काहीतरी विचारायचंच असं मंडळाचं म्हणणं आहे. तेवढं मराठी तरी द्या. आणि नाव-मोबाइलचं काय?

सुरंगी:
पीएचक्यू-२ घ्या, म्हणजे नैराश्याच्या ९ प्रश्नांच्या यादीतले पहिले दोन; वापरायला फुकट आहे. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं झालं?
१. कशातच रस किंवा आनंद वाटला नाही.
२. मन उदास, खचलेलं किंवा निराश वाटलं.
अजिबात नाही ०, काही दिवस १, अर्ध्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. दोन्ही मिळून ३ किंवा जास्त झाले तर डॉक्टरांच्या टेबलाकडे. तिथे उरलेले ७ प्रश्न डॉक्टरांनीच विचारायचे, कारण नववा जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा आहे. त्याला "हो" आलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही, घरच्या एकाला बोलावून त्याच दिवशी बांबोळीच्या मनोविकार संस्थेत न्यायचं. त्यासाठी गाडी कोणाची ते आजच ठरवा. रविवारी ऐन वेळी गाडी शोधत बसलात तर माणूस घरी निघून जाईल.

छापील मराठी असलं तरी विचारताना कोकणीतच विचारा, फक्त वाक्य बदलू नका. "तसं काय नाय मगो?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं.

वकिली_चष्मा:
नावासाठी दोन कागद करा. पहिल्यावर क्रमांक, नाव, मोबाइल. दुसऱ्यावर तोच क्रमांक आणि सगळी उत्तरं. दुसरा थेट डॉक्टरांच्या टेबलावर, मंडळाच्या फाइलीत नाही. तुमच्याकडे फक्त कोणाला कुठे पाठवलं याची यादी राहील.

झुआरी:
मला अजूनही वाटतं की डॉक्टरांच्या टेबलाला पडदा लावून तिथे तरी एक प्रश्न विचारावा: "लहानपणीचं असं काही आहे का, जे अजून त्रास देतं?" गुण नकोत, यादी नको.

स्टेथो:
तेवढं चालेल. पडदा जाड हवा, आणि त्यामागे तिसरी खुर्ची नको. सोबतच्या नातेवाइकाला तेवढा वेळ वजनाच्या काट्याकडे पाठवा.

डिचोलीकर७:
डॉक्टर १२ ला उठणार, तोवर पडद्यामागे किती जण होतील?

स्टेथो:
एकामागे १० मिनिटं धरा. नऊला बसले तर १८ जण. म्हणून बीपी-कंबर आधी, पीएचक्यू-२ नंतर, आणि त्यात ३ किंवा जास्त आलेल्यांनाच आत. उरलेल्यांना सोमवारची आरोग्य केंद्राची चिठ्ठी.

डिचोलीकर७:
बरं. पाठीवरच्या ओळी आज रात्री इथेच टाकतो, तपासून द्या. देव बरें करूं.