मदत हवी आहे: माँटेसरी वर्ग आणि आजीची पाटी, मेळ कसा घालायचा?

मुलगी साडेचार वर्षांची, फोंड्याच्या माँटेसरी वर्गात दुसरं वर्ष. तिथे खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून दोन बोटं फिरवत, आवाज म्हणत अक्षरं शिकवतात. पेन्सिलीची घाई नाही. घरी दुपारी आजी पाटीवर अ-आ-इ गिरवून घेते. परवा वर्गात तिने 'अ'ची उभी रेघ खालून वर काढली, तेव्हा बाईंनी विचारलं, घरी काय चाललंय?

पालकसभेत विषय काढला, पण सगळा वेळ गॅदरिंगमध्येच गेला. बाईंचं पत्रक आजींनी चष्मा लावून वाचलं, घडी घालून ठेवलं आणि पाटी पुन्हा हातात घेतली! त्यांचं चुकतंय असं म्हणवत नाही. पाणी ओतणं, वाटाणे सोलणं यांसारखी कामं त्या आवडीने करून घेतात; अडतं फक्त अक्षरांपाशी.

आम्ही दोघंही नोकरीला पणजीला, शनिवारीच मोकळे. महागडं साहित्य घेणार नाही, वर्गही बदलायचा नाही.

बाईंकडून आजींसाठी नेमकं काय मागावं? अक्षरांची वळणं दाखवणारा कागद पुरेल, की त्यांना एक सकाळ वर्गात बसू द्या म्हणावं? आणि इथे माँटेसरी शिक्षिका असतील तर, मुलांच्या तीन तासांच्या सलग कामात असं कुणी कोपऱ्यात बसलेलं चालतं का?